आमचे नेब्रास्काचे व्याही

मार्चमधल्या एका सकाळी लेकीनं व्हॉट्सॲपवर वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं. खाली लिहिलं होतं, "बाबा, याचं मराठी करून देशील? आईला आणि मावश्यांना वाचायचंय." कात्रणात आमच्या व्याह्यांचा फोटो होता. घामानं कडा काळवंडलेली हॅट, बारीक केलेले डोळे, येता येता राहिलेलं हसू. त्यांना जाऊन दोन दिवस झाले होते. वय ८०.

तिकडच्या छोट्या गावांतल्या पेपरात माणूस गेला की त्याचं अख्खं आयुष्य पाऊण कॉलमात मांडतात. जन्म कुठला, आईबाप कोण, शाळा, लग्न, नोकरी, चर्च, आवडीनिवडी. मग दोन याद्या. त्याच्या आधी गेलेले आणि त्याच्या मागे राहिलेले. आपल्याकडे चौकटीत फोटो, वर "भावपूर्ण श्रद्धांजली", खाली "शोकाकुल" म्हणून सगळ्या भाऊबंदांची नावं, की झालं. गेलेल्यानं हयातभर काय केलं हे आपण छापत नाही. सगळ्यांना माहीतच असतं, असं बहुतेक गृहीत धरतो.

पहिल्याच ओळीत अडलो. रँचवर वाढलेले आणि कुटुंबाला... काय? "वाहून घेतलेले" लिहिलं नि खोडलं. वाहून समाजकार्याला घेतात, घरच्यांना नाही. "कुटुंबवत्सल" सुचलं आणि मनातल्या मनात हसलो, कारण हा शब्द मी बँकेतल्या निरोप समारंभांत चाळीस वेळा तरी वापरलेला आहे. ज्याच्याविषयी दुसरं काही बोलण्यासारखं सापडत नाही, तो कुटुंबवत्सल. पण या वेळी शब्द कागदावर उतरवला आणि हात थांबला. वत्स म्हणजे वासरू. गायीला वासराविषयी जे वाटतं ते वात्सल्य. हे शाळेत शिकलो होतो, पण त्या शब्दात वासरू असतं, ओलं, थरथरणारं, हे मला नेब्रास्कात जाईपर्यंत दिसलं नव्हतं.

नेब्रास्का नकाशावर अमेरिकेच्या साधारण मधोमध सापडतं. त्याच्या उत्तर कडेला, साउथ डकोटाला लागून, चेरी काउंटी. तिचं क्षेत्रफळ जवळपास आपल्या पुणे जिल्ह्याएवढं आहे, साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरच्या वर. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाख माणसं मोजली गेली. चेरी काउंटीत साडेपाच हजारांच्या आसपास राहतात. हे मी आमच्या सौभाग्यवतींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्या गल्लीतल्या चार सोसायट्या."

तो सगळा मुलूख वाळूच्या टेकड्यांचा. वाऱ्यानं आणून टाकलेली वाळू आणि तिच्यावर गवताची पातळ कातडी. पश्चिम गोलार्धातला वाळूच्या टेकड्यांचा हा सगळ्यात मोठा पट्टा, पण वाळवंट म्हणून तो ओळखू येत नाही, कारण गवतानं सगळं धरून ठेवलेलं आहे. कुठे गवत उखडलं की वारा तिथे शिरतो, खड्डा पाडतो आणि वर्षागणिक मोठा करतो. मग लोक त्यात जुने टायर आणि कुजकं गवत टाकून तो बुजवत बसतात. नांगर घातला की जमीन गेलीच. म्हणून तिथे शेती नाही, गुरं. पाऊस वर्षाला जेमतेम २० इंच, म्हणजे आमच्या माणदेशाचाच भाऊ. फरक एवढाच की वाळूखाली ओगलाला नावाचा पाण्याचा प्रचंड साठा आहे. पवनचक्की फिरली की टाकी भरते. आटपाडीकडच्या माझ्यासारख्या माणसाला ती टाकी बघून खरंच वाईट वाटलं. अडीच पुरुष खोल विहीर खणून माझ्या बापाला दगड लागला होता.

लेक लिंकनच्या विद्यापीठात शिकायला गेली आणि तिथेच तिला हा मुलगा भेटला. २००८ च्या डिसेंबरात पुण्यात लग्न झालं. मुलाकडून बहीण आली, दोन मित्र आले. व्याही आले नाहीत. आई ९१ वर्षांची आहे, तिला हिवाळ्यात रँचवरच्या घरात ठेवून येता येत नाही, असं पत्र आलं, चार ओळींचं. आमच्या घरी ते पत्र कुणाला पटलं नाही. "मोठा मुलगा तिथंच राहतो ना? मग?" सौभाग्यवतींचा प्रश्न. विहिणीचा मान, व्याह्यांचा मान, सगळी तयारी करून ठेवलेली. मुलाच्या बाजूच्या खुर्च्यांवर शेवटी माझे बँकेतले मित्र बसवले. ही अढी घेऊनच आम्ही पुढच्या वर्षी ऑक्टोबरात तिकडे गेलो.

आमचं नातं काय, हे त्यांना सांगताना पहिली पंचाईत झाली. त्यांच्या भाषेत या नात्याला नावच नाही. मुलाच्या सासऱ्याला ते फारतर मुलाचा सासरा म्हणणार. मी म्हटलं, आमच्यात तुम्ही माझे व्याही आणि मीही तुमचा व्याही. एकच शब्द, दोन्हीकडून सारखा. त्यांनी तो दोनतीनदा तोंडात घोळवला. नंतर किराणा दुकानात, चर्चमध्ये, पेट्रोल पंपावर, जो भेटेल त्याला माझी ओळख करून देताना ते म्हणायचे, हा माझा "व्याही". समोरच्याला काही कळायचं नाही आणि हे समजावूनही सांगायचे नाहीत. कात्रणातल्या मागे राहिलेल्यांच्या यादीत सगळ्यात शेवटी हा शब्द रोमन लिपीत छापलाय, स्पेलिंग चुकलेलं. मजकूर त्यांनी स्वतःच आधी लिहून ठेवला होता म्हणे. तेवढ्या एका शब्दाचं मराठी मला करावं लागलं नाही.

ते स्वतः रँचर नव्हते, हे इथं सांगायला हवं. रँचवर वाढलेले. वडिलांच्या मागे जमीन थोरल्या भावाकडे गेली. वाटण्या केल्या तर कुणाचंच भागत नाही, कारण एका गायीला तिथं वर्षाकाठी दहा-पंधरा एकर कुरण लागतं. धाकट्यानं उठून नोकरी शोधायची. त्यांनी नॉर्थ प्लॅट गावात रेल्वेची धरली. आपल्याकडे अशा वाटणीवरून तीन पिढ्या कोर्टात जातात. मी एकदा खोदून विचारलं, वाईट नाही वाटलं? म्हणाले, "वाटलं की. पण भावाला रँच मिळाली आणि मला शनिवारी झोप." त्यांना शनिवारी झोप कधीच मिळाली नाही, हे मला पुढे कळलं. मालगाडीचं इंजिन चालवणाऱ्याला वार नसतो.

पहिल्या भेटीत ते आम्हाला भावाच्या रँचवर घेऊन गेले. नॉर्थ प्लॅटहून उत्तरेला दोन-अडीच तास. कुंपणाच्या खांबांवर कुठे कुठे जुने बूट उलटे घालून ठेवलेले. डांबरी सडक संपल्यावर तारेची कवाडं सुरू झाली. कवाड म्हणजे काय, तर चार काटेरी तारा आणि त्यांना बांधलेली सुटी लाकडं. शेवटचं लाकूड खांबाच्या खालच्या कड्यात रोवायचं आणि वरून तारेचा फास अडकवायचा. गाडीत जो शेजारी बसला असेल त्यानं उतरून ते उघडायचं, गाडी गेली की लावायचं, असा तिथला रिवाज. मी उतरलो. उघडताना ते लाकूड स्प्रिंगसारखं उडालं, लावताना काही केल्या फास पोचेना. व्याही गाडीतून बघत राहिले, मदतीला आले नाहीत. मग खिडकीतून फक्त स्वतःचा खांदा थोपटून दाखवला. म्हणजे हातांनी ओढू नकोस, खांबाला मिठी मार आणि खांद्यानं दाब. तरी जमलं नाही ते नाहीच. शेवटी त्यांनी उतरून लावलं. परत गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "कवाड उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं. लावलेलं दिसलं तर लावायचं." माझ्या बापाची हीच ताकीद असे, फक्त शेवटी एक शिवी जोडून.

दुसरी चूक जेवणाच्या टेबलावर. त्यांच्या भावाला मी सहज विचारलं, "गाई किती आहेत?" सगळ्यांचे काटे थांबले. लेकीनं टेबलाखालून पायावर पाय दिला. भाऊ म्हणाले, "आहेत बऱ्याच." नंतर समजलं, तिथं गुरांचा आकडा विचारणं म्हणजे बँकेत शिल्लक किती आहे ते विचारणं. पस्तीस वर्षं लोकांची शिल्लक बघून पोट भरलेल्या माणसाला हे तरी कळायला हवं होतं.

जेवायला उकडलेली कणसं, बटाटे, घेवडा, पाव. मांसाचा तुकडा नाही. आम्ही होतो ते दहा दिवस त्या घरात मांस शिजलं नाही. आमचे व्याही मात्र रोज दुपारी "जरा पोस्टात जाऊन येतो" म्हणून गावातल्या हॉटेलात हॅम्बर्गर खाऊन येत, हे लेकीनं पुढच्या वर्षी सांगितलं. दहा दिवस रोज पोस्टात काय काम असतं, असा प्रश्न मला पडायला हवा होता.

त्या रात्री रँचवर मुक्काम होता. आणि नेमकी त्याच दिवशी वासरं तोडली होती. ऑक्टोबरात सहा-सात महिन्यांची वासरं आयांपासून वेगळी करतात, कुंपणाच्या अलीकडे गाई, पलीकडे वासरं. गाई ओरडतात. एक-दोन नाही, सगळ्या, आणि रात्रभर, दोन-तीन रात्री. आपण "हंबरडा फोडला" असं माणसाविषयी लिहितो, तेव्हा तो कुणाकडून उसना घेतलेला आवाज आहे हे त्या रात्री कानांनी ऐकलं. दोनच्या सुमाराला शेजारी बघितलं तर सौभाग्यवती नव्हत्या. त्या शाल गुंडाळून कुंपणाशी उभ्या होत्या, रडत. मी जाऊ की नको करत होतो तोवर घरातून व्याही बाहेर आले. हातात थर्मास. त्यांच्यापासून दोन हातांवर उभे राहिले, झाकणात कॉफी ओतून दिली आणि गप्प राहिले. बराच वेळ. हिला इंग्रजी बेताचं, त्यांना मराठी शून्य. मग ते म्हणाले की त्यांची आई या तीन दिवसांत घराच्या खिडक्या लावून घ्यायची, सत्तर वर्षं रँचवर काढून तिला सवय झाली नव्हती, आणि या आईलाच सोडून लग्नाला येणं त्यांना जमलं नाही. हिला त्यातलं किती समजलं कोण जाणे. पण सकाळी तिनं त्यांना "व्याहीबुवा" अशी हाक मारली. लग्नातली अढी तिथं कुंपणाशीच राहिली.

त्या आईच्या सासूची गोष्ट ते रंगवून सांगत. १८६२ च्या कायद्यानं सरकार वस्ती करणाऱ्याला १६० एकर देत असे. या वाळूत तेवढ्यावर घर चालेना, म्हणून १९०४ साली किंकेड नावाच्या तिथल्याच खासदारानं ६४० एकरांचा कायदा करून घेतला. व्याह्यांचे आजोबा-आजी त्या लाटेत आले. गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या विटांचं घर, आसपास एक झाड नाही, जळण म्हणजे गुरांचं वाळलेलं शेण. नव्या सुनेनं पहिल्यांदा ते हातमोजे घालून उचललं, दुसऱ्या महिन्यात नुसत्या हातांनी, आणि वर्षाअखेरीला त्याच हातांनी चुलीत घालून तेच हात झटकून भाकरी थापू लागली, हा त्यांचा आवडता किस्सा. भाकरी हा माझा शब्द. मी म्हटलं, आमच्या आजीनं मोजे कधी बघितलेच नाहीत. आणि माझ्यातला बँकवाला मधेच बोललाच, "६४० एकर फुकट?" व्याही म्हणाले, "फुकट कुठली. लकोटांची होती. आम्हाला बिल आलं नाही, एवढंच." लकोटा म्हणजे तिथले मूळ रहिवासी. त्यांची राखीव वस्ती तिथून उत्तरेला, सीमेपलीकडे लगेच सुरू होते.

रेल्वेतल्या नोकरीविषयी ते फारसं बोलत नसत, मुलं बोलत. नॉर्थ प्लॅटला बेली यार्ड आहे, मालगाड्या जुळवण्याचं जगातलं सर्वात मोठं, आठ मैल लांब. वायोमिंगचा कोळसा तिथून पूर्वेला जातो. घरचा फोन वाजला की दीड तासात ड्यूटीवर. मग दोन दिवस पत्ता नाही. या घरात नाताळ २५ तारखेला असतोच असं नाही, हे पोरांना शाळेत गेल्यावर कळलं. बाप घरी असेल तो नाताळ. कधी २२, कधी २७, एका वर्षी चक्क ३ जानेवारी. तोवर झाडाखालच्या पुड्यांना कुणी हात लावायचा नाही. आमचा जावई सांगतो, लहानपणी त्याला वाटायचं की येशूचा जन्म रेल्वेच्या वेळापत्रकावर ठरतो.

आमची खरी गट्टी जमली ती एका दुष्काळावरून. ते मला १९४९ च्या जानेवारीतलं बर्फाचं वादळ सांगत होते. वय सहा. घरापासून गोठ्यापर्यंत वडिलांनी दोर बांधलेला, तो धरून जायचं, सोडला तर माणूस अंगणात हरवतो. गुरं बर्फात अडकली, गंजी गाडल्या गेल्या, आणि मग सरकारनं विमानातून गवताचे भारे टाकले. आकाशातून गवत पडताना त्यांनी बघितलेलं. मी म्हटलं, आमच्याकडे १९७२ ला आकाशातून काहीच पडलं नाही. त्या वर्षी आम्ही अमेरिकेची तांबडी ज्वारी खाल्ली, मिलो. रेशनवर मिळायची. भाकरी व्हायची ती तांबूस आणि घशाखाली न उतरणारी. "मिलो?" त्यांनी परत विचारलं. हो, मिलो. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ती आम्ही गुरांना घालतो." मी हसलो, ते हसले नाहीत. १९७२ ला ते मालगाडीवरच होते. धान्याच्या वाघिणी ओढत होते, त्या कुठल्या बंदराला जातात ते विचारायची पद्धत नव्हती. "मी ओढलीही असेल," असं ते त्या संध्याकाळी दोनदा म्हणाले. अपराध्यासारखे. मला सांगता येईना की त्या भाकरीवर आम्ही जगलो, अपराध कसला.

मग मीही एक सांगितलं, जे घरात कधी बोललो नव्हतो. त्या वर्षी माझ्या बापानं खिल्लारी बैलजोडी विकली. खरसुंडीच्या जत्रेत ज्या जोडीकडे लोक थांबून बघत, ती मातीमोलानं गेली, आणि घेणारा शेतकरी नव्हता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बाप दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी खडी फोडायला गेला. व्याह्यांच्या घरी दर वर्षी ट्रक भरून जनावरं तिकडेच जात आली. या विषयावर आम्हा दोघांना एकमेकांना शिकवण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी माझ्या बापाच्या बैलांची नावं विचारली. मी सांगितली. त्यांना ती उच्चारता आली नाहीत, पण प्रयत्न केला.

२०१२ च्या फेब्रुवारीत नात झाली. बाळंतपणाला आम्ही गेलो आणि मार्चमध्ये एका शनिवारी व्याही म्हणाले, चल, भावाकडे माणूस कमी आहे. हा गाई विण्याचा हंगाम. पहिलारू कालवडी वेगळ्या वाड्यात ठेवतात आणि रात्री दर दोन तासांनी कुणीतरी कंदील, म्हणजे आता बॅटरी, घेऊन फेरी मारतो. आमची पाळी रात्री एकची. थंडी अशी की नाकातले केस कडक होतात. एक कालवड भिंतीशी आडवी झालेली, दोन खूर बाहेर आलेले आणि पुढे काही सरकेना. व्याह्यांनी कोट काढला, बाह्या वर केल्या, खुरांच्या वर साखळीचे फास घातले. कळ आली की ओढायचं, कळ ओसरली की थांबायचं. त्यांचं एक टोक, माझं एक. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं टोक नव्हतं, तरुणपणी खोगिराला दोर गुंडाळताना तुटलेलं, त्यामुळे साखळी ते चार बोटांतच धरत. अर्ध्या तासानं वासरू सळकन बाहेर आलं आणि तसंच पडून राहिलं. श्वास नाही. मी विचार न करता गवताची काडी उचलली आणि त्याच्या नाकपुडीत घातली. वर बघतो तो व्याह्यांच्या हातातही काडी, तशीच, दुसऱ्या नाकपुडीशी आलेली. वासरू शिंकलं. आमच्या दोघांच्या तोंडावर.

(व्याही आणि व्याली या शब्दांचा व्युत्पत्तीत काही संबंध नाही. त्या रात्री मात्र मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.)

त्याच वाड्यात सकाळी मी एक गोष्ट बघितली. एका गायीचं वासरू मेलेलं होतं आणि दुसऱ्या एका वासराची आई. आमच्याकडे मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गायीपुढे उभं करत, तिनं पान्हा सोडावा म्हणून. हे लोक तसं करत नाहीत. मेलेल्याचं कातडं सोलून ते जित्या पोरक्या वासराच्या पाठीवर बांधतात. गाय हुंगते, वास आपल्या लेकराचा येतो, दोन-तीन दिवसांत ती त्याला पाजू लागते. मग कातडं काढून टाकलं तरी चालतं. ओंगळ काम. व्याह्यांनी ते खिशातल्या चाकूनं, एक शब्द न बोलता केलं.

लेक बाळाला घेऊन खिडकीत उभी होती. अंगात तो तपकिरी जाडाभरडा कोट, कोपरांवर ठिगळं लावलेला, तिला गुडघ्यापर्यंत येणारा. मी तिला कित्येक फोटोंत त्या कोटात बघितलं होतं आणि मुलीला नवा कोट घेऊन देत नाहीत म्हणून मनातून चिडलोही होतो. त्या दिवशी तिनं सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती रँचवर आली की कुत्री तिच्यावर धावून जात, घोडे बिचकत. तेव्हा व्याह्यांनी स्वतःचा अंगातला कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाले, हा धुवू नकोस. तिसऱ्या दिवशी कुत्री गप्प. "बाबा, मला कातडं चढवलं त्यांनी," असं म्हणून ती हसत होती. मी बाहेर वाड्याकडे बघितलं. गाय अजून हुंगत होती.

विहीणबाईंना पुढे विसरण्याचा आजार झाला. माणसं ओळखेनाशा झाल्या, मग घर. २०१७ ला आम्ही शेवटचं गेलो तेव्हा सकाळी स्वयंपाकघरात त्या खुर्चीवर बसलेल्या आणि हे मागे उभं राहून त्यांची वेणी घालत होते. पेडी तीन नाहीत, चार. मी थक्क झालो. म्हणाले, लगाम चामड्याच्या पट्ट्यांचे असेच विणतात, लहानपणी शिकलोय, तीन पेडींची मला येतच नाही. केस ओढले गेले की त्या ओरडायच्या, हे थांबायचे, ओसरलं की परत सुरू. कळ आली की ओढायचं आणि ओसरली की थांबायचं, याच्या बरोबर उलटं. ही गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी उगाच कपबशा विसळू लागलो. त्या २०१९ ला गेल्या. आता कात्रणात आधी गेलेल्यांच्या यादीत पहिल्या आहेत.

त्यांना मी देवमाणूस वगैरे करून ठेवणार नाही. हट्टी होते. कान गेले तरी यंत्र लावलं नाही, बाकीचेच हळू बोलतात असं त्यांचं म्हणणं. पोरांची पाठ कधी थोपटली नाही. भारतात शेवटपर्यंत आले नाहीत, आई गेल्यावर सबब नव्हती तरी. मी दर वर्षी वसुबारसेला फोन करायचो आणि सांगायचो, आज आमच्याकडे गाय-वासराची पूजा. ते दर वर्षी विचारायचे, "गाय कुठली, तुझी?" आणि मी दर वर्षी कबूल करायचो की नाही, सोसायटीत कुणीतरी मातीची आणून ठेवते.

अंत्यविधी ठरवताना सगळ्यात मोठी अडचण वेळेची झाली, कारण मार्च म्हणजे परत विण्याचा हंगाम. शेजारच्या तीन रँचवाल्यांनी भावाच्या गाईंच्या फेऱ्या वाटून घेतल्या, तेव्हा घरच्यांना निघता आलं. चर्चमधली प्रार्थना तिथल्या सकाळी साडेदहाला, आमच्याकडे रात्रीचे नऊ. जावयानं व्हिडिओ कॉल लावून दिला. आम्ही दोघं कोचावर बसून बघितलं. प्रार्थनेच्या छापील कागदावर रँचचा डाग, म्हणजे गुरांच्या अंगावर उमटवायची खूण, छापला होता, तिथं डाग सरकारदरबारी नोंदवतात आणि तो बापाकडून मुलाकडे येतो. एक आडवं पडलेलं अक्षर. आडव्या अक्षराला त्यांच्यात "आळशी" म्हणतात. सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "हे त्यांचं गोत्र." गोत्र या शब्दात गाय आहे हे तिला माहीत असावं, नसावं.

दफन रँचजवळच्या टेकडीवर, विहीणबाईंच्या शेजारी. वाऱ्यानं काही ऐकू येत नव्हतं. लेक त्या कोटात होती. सगळं आटोपल्यावर कुणीतरी फोन गाडीच्या काचेपुढे ठेवला आणि बंद करायला विसरलं. आम्हीही बंद केला नाही. काचेतून वाळूतला रस्ता दिसत होता, दोन चाकोऱ्या, मधे गवत. गाडी थांबली. तारेचं कवाड. शेजारच्या सीटवरून नात उतरली, अकरा वर्षांची, चर्चच्या फ्रॉकवर गमबूट. तिनं लाकूड सोडवलं, तारा ओढत बाजूला नेल्या, गाडी पुढे गेली आणि ती दिसेनाशी झाली. मग चालवणाऱ्यानं आरसा हलवला असेल किंवा फोन घसरला असेल, कारण बाजूच्या खिडकीतून ती परत दिसली. तिनं लाकूड खालच्या कड्यात रोवलं. खांबाला मिठी मारली. गाल लाकडाला टेकवून खांद्यानं दाबलं, एकदा, दोनदा, आणि फास वरून अडकवला. मग ओढून बघितलं.